बाळव्वाचा ळ

निपाणीत पाट्या रंगवून तीस वर्षं झाली.
एकाच दुकानाची पाटी मी दोनदा रंगवलीय,
आधी नुसती मराठी, मग नोटीस आली म्हणून वर कन्नड, खाली मराठी.
रात्रीतून कुणी काळं फासलं
तर सकाळी टर्पेंटाइन घेऊन पुसायलाही मीच.
हाताला कधी कुठल्या अक्षराचा राग आला नाही.

मराठी अक्षरं वरच्या रेघेला लोंबकळतात,
दोरीवरच्या धुण्यासारखी.
कन्नड अक्षरांच्या डोक्यावर तलकट्टू,
जाताजाता मागं वळून बघितल्यागत.
आणि ही तिसरी,
खालच्या रेघेवर बसलेली, खांद्याला खांदा लावून.
उजवीकडून लिहायचं.
पहिल्या दिवशी माझंच मनगट
माझ्या ओल्या अक्षरांवरून फिरलं.
तीस वर्षांत एक थेंब न सांडलेला माणूस मी.

हाफिज दस्तगीर नदाफ, वय चोवीस.
मी एकावन्न.
शेजारी मोईन, दुसरीतला, नाक ओढत
माझा ऐन दुरुस्त करतो:
"चाचा, वांती आल्यागत नको.
गळ्यात जरा खाली. आणखी खाली. हां."
ह दोन आहेत इथे.
एक आरशावर वाफ सोडायचा, एक नुसता उसासा.
मला आजवर एकच पुरला होता.

मशिदीच्या रजिस्टरात मी हारून.
रेशनकार्डावर अजून शिवाप्पा.
दोघांचा रॉकेलचा डबा एकच.

मग एक प्रश्न पडला.
ट्रकच्या फळीवर गणपती काढायचा की नाही?
हाफिज म्हणाले, "मला माहीत नाही. संकेश्वरला विचारा."
संकेश्वरचे म्हणाले, नाही.
हुक्केरीचे म्हणाले, नाही, पण घरात खाणारी तोंडं किती?
बेळगावात एका बोळात म्हातारा जिल्दसाज होता,
त्यानं चहा पाजला, पुस्तकाच्या पाठीवर खळ लावत राहिला,
आणि शेवटची बस चुकेल म्हणून मला उठवलं.
हत्तरगीच्या नाक्यावर बस थांबली तेव्हा
वहीत एवढंच उतरवलं:
मला माहीत नाही.
चारांत तेच उत्तर मला शिकल्यासारखं वाटलं.

गणपती आता किरणप्पाचा पोरगा काढतो.
सोंड जाड येते त्याची.
सांगावंसं वाटतं, सांगत नाही.
एकदा सांगितलं.

आई चार महिने बोलली नव्हती.
तंबाखूच्या वखारीत जन्म गेला तिचा,
पदर झटकला तर अजून अख्खं घर शिंकतं.
त्या संध्याकाळी मागं येऊन उभी राहिली.
"काय गिरवूलास रे?"
"अक्षरं."
"माझं नाव लिव्ह बघू."

बा. अलिफ.
आणि पेन थांबलं.

त्या लिपीत ळ नाही.
मराठीत आहे, कन्नडात आहे,
पाट्या फोडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या जिभेवर आहे,
केळीत, गुळात, जोंधळ्यात आहे,
आणि जिच्या दुधावर मी बोलायला शिकलो
तिच्या नावाच्या मधोमध आहे.
इथे नाही.

"उद्या लिहितो," म्हटलं.
ती काही बोलली नाही. चूल फुंकायला गेली.

हाफिजांना विचारलं.
त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.
"बेळगाव कसं लिहितो आम्ही?
लाम घालतो. काय करणार."

लाम घातला.
कागद आईपुढे धरला. तिला कुठलीच लिपी येत नाही,
म्हणून तिन्ही सारख्याच तिला.
"ह्येच्यात मी कुठं हाय?"
मी लामवर बोट ठेवलं:
पाठ ताठ, आणि बुडाशी वळलेला.
तिनं डोळे बारीक केले, बराच वेळ.
"पाय दुमडून बसलीया की रे ही.
वखारीत पानं निवडाय बसल्यागत."
कागदाची घडी केली, चंचीत ठेवली,
सुपारी आणि चुन्याच्या डबीच्या मध्ये.

उद्या परत धडा आहे.
मोईन म्हणतो, ऐन अजून कच्चा आहे.