मोतिया रेघ

भिंत मालकाची. डाग पडला तर डिपॉझिट कापतो.
म्हणून पोरांच्या उंचीच्या रेघा मी
फ्रिजच्या कडेला ओढते, नेलपॉलिशने.
जोहान लाल. सफा जांभळी.
नचिकेत मोतिया, कारण तीच बाटली उरली होती.

रुवीतला दुसरा मजला. सहा वाजल्यापासून
आया येतात, ओल्या केसांनी, गळ्यात ओळखपत्र;
हातात देतात एक पोर, एक डबा, थोडी घाई.
मी कुडाळची, बालवाडीचा वर्षाचा कोर्स, बस्स.
पण पोर जिना कसा चढतं ते बघते:
दर पायरीवर थांबून, की एकाआड एक पाय टाकत.
कुरमुरा चिमटीत धरतं की मुठीत.
बोट दाखवतं का, "ते बघ" म्हणून,
मांजरीला, समोरच्या क्रेनला.

नचिकेत बोट दाखवायचा.
वळायचा मात्र नाही.
कुकरची तिसरी शिट्टी, सफाचं भोकाड,
अजानीनं थरथरलेली खिडकीची काच,
तो आपला ठोकळ्यावर ठोकळा ठेवत बसलेला.
अडीच वर्षांचा. शब्द सात.
त्यातला एक मी: "माशी".
मावशीतला व इथं कुणालाच जमत नाही.

त्याच्या पाठीमागे उभी राहून टाळी वाजवली.
मग ताट. मग पातेल्यावर डाव.
शेवटी पाय आपटला तेव्हा वळला,
फरशी हलली म्हणून.

वैदेहीला सांगायला मला तीन दिवस लागले.
म्हणाली, त्याचे बाबाही उशिराच बोलले.
म्हणाली, घरी मराठी, टॅबवर इंग्रजी, इथं सतरा भाषा,
गोंधळतो बिचारा.
म्हणाली, तुम्ही काय डॉक्टर आहात?
दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

त्याचा पेला धुऊन पालथा ठेवला.
जून होता. खाली घसरगुंडीला हात लावला तर फोड येईल.
उजाडता उजाडता पोरांना गच्चीवर न्यायची,
वीस मिनिटं, हाडांना लागतं म्हणून,
मग दिवसभर हॉलमध्ये गाद्यांवरून उड्या.
गच्चीवरून उतरताना डोकी मोजायची,
आणि रोज एकदा आकडा चुकायचा.

ऑगस्टात बेल वाजली.
कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं म्हणे,
डिंकासारखं घट्ट.
इतके दिवस आपण सगळे त्याच्याशी
विहिरीच्या काठावरून बोलत होतो.
दोन नळ्या बसवल्यात, तांदळाच्या कणीएवढ्या.
वैदेहीनं माफी वगैरे मागितली नाही.
डबा दिला. नेहमीपेक्षा मोठा होता.

नचिकेत आत आला आणि एसीखाली थबकला.
दीड वर्ष झोपला होता त्याच एसीखाली.
मान वर. बोट वर.
"माशी, को?"
एसी, बाळा.
"को?"
फ्रिज. नळ. बाहेर पाण्याची गाडी.
सफानं पातेलं आपटलं, तेव्हा
दोन्ही कानांवर हात ठेवून रडला,
आणि मला, देवा, किती बरं वाटलं.

संध्याकाळी फ्रिजला टेकवून उभा केला.
बोटभर वाढलाय.
मोतिया मात्र बाटलीत सुकून गेला होता.
दोन थेंब रिमूव्हर घातला, हलवायला त्याच्याच हातात दिली.
हलवायचं सोडून तो बाटली कानाशी धरून बसला:
आत बारीकशी गोळी होती,
काचेवर वाजत होती.