ओलावा : पन्नास टक्के

कंपनीच्या चिठ्ठीवर एवढंच होतं :
कापडांचं म्युझियम, तळमजला,
ओलावा पन्नासवर आणणे.
बाहेर कुवेतचा जुलै. पाना हातात धरवत नव्हता.

आत गार. दिवे इतके मंद
की कुणी आजारी निजलंय असं वाटावं.
काचेमागं लांबच लांब पट्टी,
कधीकाळी एका तंबूला दोन खोल्या करणारी :
शेळीच्या केसांचा काळा, मेंढीचा पांढरा,
आणि मधूनच लाल,
कुणाला तरी राहवलं नाही म्हणून.

त्रिकोणाला पाठ लावून त्रिकोण,
कात्रीसारखं काही, घोड्याचे दात.
मी शिडीवर, फिल्टर उघडा,
आणि ओठ आपोआप मोजायला लागले :
दोन काळे, एक पांढरा, दोन काळे,
जसे अण्णा मोजायचे इचलकरंजीत
वहीफणी करताना,
अडीच हजार तार, एका चहावर.
चुकलं तर पहिल्यापासून नाही, म्हणायचे,
चुकीपासून मागं ये.
आणि माग बंद असेल त्या दिवशी
हाच माणूस पाटावर चिंचोके मांडत बसायचा,
दोन उभे, एक आडवा.
कुणी विचारलं तर मोडून टाकायचा.

कोपऱ्यात वसमिया, जमिनीवर.
तिचा माग म्हणजे चार खुंट आणि ताणलेली लोकर.
हरणाच्या शिंगानं ती आडवा धागा ठोकते.
लोकांना दाखवायला पगारावर ठेवलीय तिला,
हवेला मला ठेवलंय तशी.

पट्टीत, दाराकडच्या टोकाला, एक त्रिकोण चुकलाय.
एकच तार. मी बोट दाखवलं.
ती गुडघे धरत उठली, काचेला नाक लावलं,
आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.
मग हातांची झोळी करून हलवली.
बाळ उठलं असेल तेव्हा. धागा सुटला असेल.
किंवा पट्टी तिच्या आईची, आणि झोळीतली ती.
मला अरबी येत नाही.

तिच्या मागावर एक धागा तुटला होता.
मी बसलो, गाठ मारली,
मागवाल्याची, दोन बोटांत, न बघता.
तिनं ती निरखली, सोडवली,
आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा मारली.
मला तरी दोन्ही सारख्याच दिसल्या.

चिठ्ठीवर लिहिलं : ओलावा पन्नास. ठीक.

रात्री कॅम्पात, बारा जणांची खोली,
दोरीवर पंचे वाळत होते :
निळा, निळा, चौकड्याचा, निळा, निळा.
मी उठलो. माझा काढला,
दोन घरं पलीकडं नेऊन टाकला.
वरच्या पलंगावरून लच्चय्यानं विचारलं,
क्या हुआ भाई?
काही नाही, म्हटलं.
तिथं लाल हवा होता.