गुलाबाच्या घरचा

मल्लेश सुटीवर आला तेव्हा
त्याच्या लोकरी मोज्याला, घोट्याच्या जरा वर,
काहीतरी धरून बसलं होतं.

पिथौरागडहून दिल्ली, दिल्लीहून नागपूर,
नागपूरहून सिंदेवाहीपर्यंत लाल डबा,
पुढे नाल्याच्या काठाकाठानं पायी.
कुणी त्याला तिकीट विचारलं नाही.

आई मोजे घेऊन ओसरीत बसली. लाईट गेली होती.
चाळीस वर्षं मेंढरांच्या लोकरीतून
काटेकुटे वेचलेली तिची बोटं.
लांडगा तिला न बघता कळतो:
अंगभर आकडे, टोकाला दोन शिंगं.
कुसळ कळतं, ओलं झालं की पीळ घेतं म्हणून.
आघाडा गरीब, उलट्या हातानं झाडला तरी जातो.

बोटं थांबली.
"हा आपला नोहोय," ती म्हणाली.
मग पुन्हा चाचपून, स्वतःशीच,
"याले गळ्यापाशीच आकडे हायेत. खाली अंग मोकळं.
कोन्या डोंगरचा व्हय रे तू?"

मल्लेशला आठवेना.
रस्ता फोडायचं काम, डोझरची धूळ, दरी,
गवतात कोण कुठे उभं असतं
हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

मी तो काडेपेटीत घालून ब्रह्मपुरीला नेला.
वैरागडे मॅडमनी भिंग लावलं, बराच वेळ लावलं,
म्हणाल्या, पिवळ्या फुलांची लांब दांडी असते याची,
पाच पाकळ्या,
आणि फूल गळलं की उलटी टांगलेली ही घंटी,
घंटीला आकड्यांची झालर.
फळ्यावर मोठं नाव लिहिलं.
घरी येईपर्यंत माझ्याजवळ
त्यातलं अर्धंच उरलं.
कूळ मात्र पक्कं लक्षात राहिलं.

"गुलाबाच्या घरचा?" आई हसली,
लोकरीचा पुंजका मांडीवरून खाली पडेस्तोवर हसली.
"राहाते. परतेक घरी एक असा राहाते.
वास नाई, रूप नाई.
पन सोबत येते तो."

थंडी भोगल्याशिवाय हे बी उगवत नाही, मी सांगितलं.
आमच्याकडची थंडी ती कसली!
मग आईनंच शोध लावला:
बोरकुटेच्या दुकानातला फ्रीज.
बामच्या डबीत ओली रेती, रेतीत पाहुणा,
डबी मठ्ठ्याच्या पाकिटांमागे.
दर बाजाराच्या दिवशी ती जाऊन विचारायची,
"बरा हाय का?"
बोरकुटे म्हणायचा, "काकू, इथं लाईटच नाई,
तं मले का मालूम?"

माघात डबीतून काढला, फुटक्या मडक्यात पेरला.
खरं सांगते, मला वाटलं नव्हतं.
तेराव्या दिवशी दोन पानं.
मग तिसरं, कडेला करवतीचे दात असलेलं.
आईनं मडक्याला सावली केली,
घोंगडीच्या तुकड्याची, काळ्या,
आणि आल्यागेल्याला दाखवू लागली:
आमच्या मल्लेशसंगं आला.

आणि एका दुपारी दावं सुटलेल्या कोकरानं
ते सगळं खाल्लं. पानं, दांडी,
मडक्याच्या काठावरची मातीसुद्धा चाटली.

आई ओरडली नाही.
कोकराला जवळ ओढलं,
दोन्ही हातांनी त्याचं तोंड उघडलं
आणि हुंगलं.
"नाई," म्हणाली. "कायचा गुलाब."
आणि सोडून दिलं त्याला.

एक गोष्ट सांगायची राहिली.
कार्तिकात मल्लेश परत निघाला त्या पहाटे
तिनं त्याची सगळी पिशवी उपसली होती.
शर्टाचा आघाडा काढला, पँटची कुसळं काढली,
मोजे उलटे करून कंदिलाशी धरले.
डाव्या मोज्यात एक लांडगा होता.
तिच्या बोटांना तो लागला, मी पाहिलं.
तिनं मोजा सुलटा केला, घडी घातली.

चौथ्या रात्री फोन आला.
"पोहोचलो. बर्फ हाये.
आई, पायाले काहीतरी टोचते."
"मंग टोचू दे न रे," ती म्हणाली.