दोन तास, पगारी

अर्ज आधी द्यावा लागतो.
मी सोमवारी दिला, जेवणाच्या सुट्टीत,
हातमोज्याचं पाणी कागदावर पडू न देता.
कारण: मतदान.
ड्वेनने तो उजेडाकडे धरून वाचला,
नोट खरी की खोटी बघतात तसा,
मग म्हणाला, "कायदा आहे खरा."
जणू कायदा म्हणजे त्याच्या सासुरवाडीचा कोणी,
दारात आलाच तर आत घ्यावा लागतो.

इथे नेब्रास्कात आमची पाळी सकाळी सहाला लागते
आणि साडेसहाला सुटते, अंधारातून अंधारात.
आकड्यांवरून गुरं सरकत येतात.
माझ्या वाट्याला खांद्याचा सांधा:
लहान पातं, मनगटाचं एकच वळण,
अकरा वर्षं.

मंगळवारी दहाला मी पट्ट्यापासून मागे सरले
आणि माझी जागा रिकामी झालीच नाही.
एस्तेबानने डावीकडे एक पाऊल टाकलं, इतकंच.
त्याचे सांधे आणि माझे, आता सगळे त्याचे.
तो माझ्या आधीपासून इथे आहे.
त्याची पोरगी शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते,
त्याच्या पगारातूनही कर कापला जातो,
त्याला मत नाही.
"जा," तो हनुवटीने म्हणाला.
त्या आवाजात तोंडाने बोलून काय उपयोग.

मतदान चर्चच्या तळघरात.
कॉफीचा वास, ओले कोट, घडीच्या खुर्च्या.
यादीवर बसलेल्या कोव्हारिक बाईंनी
माझं नाव तीनदा तोडून पाहिलं,
न्या, रु, ओत,
आणि जुळलं तेव्हा माझ्यापेक्षा त्याच खूश झाल्या.

माझ्या आईने आयुष्यात एकदाच मत दिलं,
अंगठा बुडवून, एका अख्ख्या देशासाठी.
नंतर कितीतरी दिवस भांडी घासताना
ती तेवढा अंगठा पाण्याबाहेर ठेवायची.
माझ्या हाती पेन.
कागदावर लंबगोलच लंबगोल:
वरची माणसं टीव्हीवर पाहिलेली,
खाली पाणी मंडळ, शाळा मंडळ,
एका पुलाच्या दुरुस्तीला हो की नाही.
पुलाला मी बराच वेळ दिला.
त्याच पुलावरून रोज कामावर जाते.

अकरा मिनिटं लागली.

बाहेर आले तर हाती एक तास उरलेला,
वर पाऊण तास.
कंपनीने पैसे मोजलेले
आणि कोणालाच माझ्याकडून काही नको होतं.
मंगळवारचे साडेदहा कसे दिसतात
मला या गावात ठाऊकच नव्हतं.
पोस्टमनला ओळखणारं एक कुत्रं.
धान्याच्या कोठाराच्या पत्र्यावर अर्धंच आलेलं ऊन.
एक बाई आपल्या अंगणातली पानं गोळा करते,
थांबते, कंबर सरळ करते,
आणि मागून तिला कोणी हाका मारत नाही.

लगेच परत जायला हवं होतं, कळत होतं.
पट्ट्यापाशी तो एकटा दोघांचं कापतोय.
पण मी गाडीत बूट काढले,
पाय हीटरसमोर धरले,
आणि बसले.
खोटं का सांगू, बराच वेळ बसले.

परतले तेव्हा दाराशीच ड्वेनने कोटाकडे बोट केलं:
"स्टिकर काढ. मांसात पडला तर कोण निस्तरणार?"
लाल, पांढरा, निळा, मी मत दिलं म्हणणारा.
मी तो सोलला, हेल्मेटच्या आत चिकटवला,
केसांना टोचेल असा.

एस्तेबान एक पाऊल उजवीकडे सरकला.
त्याचा हात कोपरापासून थरथरत होता,
त्याने तो दुसऱ्या हाताने झाकला.
कोणाला दिलंस, विचारलं नाही.
"गर्दी होती?" एवढंच, ओठांवरून वाचलं मी.
मी मान हलवली. हो, म्हणाले.
भरपूर होती.

माझी सुरी घेतली.
सकाळी बोथट सोडून गेले होते मी ती.
आता तिला धार होती.