तांबोळीबाईंचा दिवा

हडपसरच्या माळावर, एप्रिलमध्ये, संध्याकाळी साडेपाचला
विमानाच्या नाकाखालचं झाकण उघडलं.
सहा स्क्रू. पाच सुटले.
सहावा नेहमीसारखा अडून बसला;
त्याला थोडं तेल, थोडी शिवी.

आत दोन दिवे, खेटून:
एक उतरताना लांबवर रोखलेला,
एक चालताना पायापुढचं बघणारा.
शंभर-शंभर वॅट. आयुष्य पंचवीस तास
असं खोक्यावर छापलेलं.
आमच्याकडे पंधरा भरले तरी पेढे.

उपासनी म्हणाले, "तांबोळीबाई,
असला एलईडी तपकीर गल्लीत साडेतीनशेला मिळतो."
मिळतो की.
पण त्याच्यासोबत कागद मिळत नाही,
आणि विमान आधी कागदावर उडतं,
मग हवेत.
उपासनींनी चहा मागवला.
इतकी वर्षं ओळखते त्यांना,
चहा मागवला म्हणजे पटलं.

जुना दिवा गार होता,
तरी सवयीने चिंधीत धरला.
डाव्या अंगठ्यावर एक चट्टा आहे, त्यानेच दिलेला.
काचेवर गेल्या पावसाळ्यातले किडे भाजून चिकटलेले.
त्यांना उजेड हवा होता.

नवा हलका. पाठीवर कल्ले, माशासारखे.
जुन्याला अधिक-उणे सारखंच,
कुठूनही जोडा, पेटायचा.
हा आधी विचारतो, अधिक कुठे.
निवृत्तीने तारा दोनदा तपासल्या,
मी तिसऱ्यांदा.

बटण दाबलं.
पूर्वी अँमीटरचा काटा लवायचा,
दारात पाहुणा आल्यासारखा.
आज हललासुद्धा नाही.
पण रेडिओ
कढईत मोहरी टाकावी तसा तडतडला.
बंद केला, शांत.
लावला, मोहरी.

तासभर शोधलं.
अर्थिंगच्या स्क्रूखाली रंग सापडला.
चौदा वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेला,
गुळगुळीत, पांढरा, इतका नीटनेटका
की धातूला धातू शिवत नव्हता.
कुणीतरी म्हणजे मीच.
वहीत सहीही माझी, तेव्हाची, लपेटदार.
काही न बोलता खरवडलं.
निवृत्ती तेवढ्यात छताकडे बघत होता, गुणी मुलगा.

अंधार पडल्यावर बाहेर काढलं.
उडायचं नव्हतं, नुसतं चालवून बघायचं होतं.
मी उजव्या खुर्चीत, मांडीवर वही.
लांब सोलापूर रस्त्यावरचे ट्रक.
उपासनींनी दिवा लावला

आणि गवत हिरवं निघालं.
इतकी वर्षं ते चहात बुडवल्यासारखं दिसायचं,
माती, दगड, वाळकं पान, सगळं एकाच रंगाचं.
आता प्रत्येक खड्याला स्वतःची सावली.
आणि पट्टीच्या कडेला चार खडे,
टोकं आत वळवलेले.

"थांबवा."
"काय झालं?"
"आधी थांबवा."

पंखा थांबेपर्यंत ती उजेडात आली होती,
काटकुळ्या पिवळ्या पायांवर,
एक पंख मोडल्यासारखा ओढत, किंचाळत,
आमच्याकडे बघा, तिकडे नको.
निवृत्ती मागून धावत आला. म्हणाला,
"मॅडम, रात्री टिटवी ओरडणं चांगलं नाही."
"कुणासाठी?"
तो गप्प झाला.

विमान हातांनी मागे ढकललं.
घरट्याच्या दोन बाजूंना चाकाखालचे पिवळे ठोकळे ठेवले.
उद्या चुना टाकू, उपासनी म्हणाले,
पट्टी जरा पश्चिमेला सरकवू.
हे मात्र त्यांनी घासाघीस न करता.

हँगरमध्ये नोंद केली:
दोन्ही दिवे बदलले. वजन कमी, ग्रॅममध्ये.
रेडिओ स्वच्छ. होकायंत्रात फरक नाही.
मागची पानं उगाच चाळली.
गेल्या एप्रिलमध्ये, त्याच्या आधीच्या एप्रिलमध्ये
पिवळ्या उजेडात आम्ही कशाकशावरून गेलो असू
ते वहीत नाही.

"जुने टाकू?" निवृत्तीने विचारलं.
एकाचे नऊ तास शिल्लक आहेत, हिशेबाने.
राहू दे म्हटलं, फळीवर.

दारातला दिवा उपासनींनी बंद केला.
बराच वेळ काही दिसेना.
आम्ही तिघं तसेच उभे,
ओरडणं थांबेपर्यंत.