हक्कसोड

विसाल, परवा माझ्या खोलीत बसून
तू त्या चौकोनात खूण केलीस:
माझ्याविषयीचं शिफारसपत्र वाचण्याचा हक्क मी सोडतो आहे.
मी म्हटलं, नीट वाच आधी.
तू म्हणालास, सगळेच सोडतात ना, मिस?

हो. सगळेच सोडतात.
मीही सोडला होता, इचलकरंजीला,
दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, दोन साक्षीदारांसमोर.
भाऊ म्हणाला, ताई, वाचतेस काय एवढं,
नेहमीचाच मसुदा आहे.
तिथे निदान नंतर चहा मिळाला.

इथे लोवेलमध्ये डिसेंबरात साडेचारलाच दिवे लागतात.
कालव्याचं पाणी कडेकडेने पांढरं झालंय,
गिरण्यांमध्ये आता फ्लॅट आहेत,
मागांच्या जागी कुणाकुणाचे सोफे.
माझ्या पडद्यावर तीनशे बारा नावं
आणि प्रत्येक नावापुढे एक रिकामा गोल.
पाठवलं की हिरवा होतो.
सोय आहे खरी. एकदा भरायचा अर्ज,
वीस कॉलेजांनी वाचायचा.
एकदा चुकला की वीस ठिकाणी चुकला.

वडिलांच्या रकान्यात आपण अर्धा तास अडकलो.
हयात आहेत का? होय. नाही.
लाँग बीचला गेले, पुढे फोन लागला नाही,
याला तिथे जागा नव्हती.
तू 'होय' निवडलंस,
तर खाली आणखी आठ रकाने उघडले,
शिक्षण, हुद्दा, मालकाचं नाव.
तू म्हणालास, 'नाही' केलं असतं तर लवकर सुटलो असतो.
आपण हसलो. जरा जास्तच हसलो.

आई रात्रपाळीला सर्किटच्या पाट्यांना डाख देते.
यादीत वर-खाली शोधलं,
शेवटी 'इतर'.
माझे आबा माग चालवायचे,
तेही 'इतर'च निघाले असते.

निबंधाला साडेसहाशे शब्द.
मीच सुचवलं होतं, आजीचं लिही,
कंबोडिया, ती चार वर्षं, सीमेपलीकडची छावणी.
वाचणाऱ्याला भिडतं, म्हटलं.
(वीस वर्षं या खुर्चीत बसून माणूस असं बोलायला लागतो.)
तू मान हलवलीस: ते आजीचं आहे, मिस. माझं नाही.
आणि लिहिलंस काय,
तर उलटं वाचता येण्याबद्दल!
सहा वर्षांचा असल्यापासून आईबरोबर
दवाखान्याच्या, भाड्याच्या, विजेच्या खिडकीपाशी उभा,
कागद नेहमी पलीकडच्या माणसाकडे तोंड करून.
सुलट वाचायला शिकण्याआधी
तू उलटं वाचायला शिकलास.

आता मला विचारतायत,
तुमच्या साऱ्या कारकिर्दीत हा मुलगा कुठे बसतो?
सरासरी. सरासरीहून बरा. उत्तम.
आजवर भेटलेल्या मोजक्यांपैकी एक.
तो शेवटचा गोल मी चारदा भरला आहे आजवर,
त्यातल्या एकदा चुकून.

पत्रात लिहिलं, जबाबदार आहे.
बहिणीला शाळेतून आणतो, हे खोडून
नेतृत्वगुण लिहिलं.
मग नेतृत्वगुण खोडून
बहिणीला शाळेतून आणतो.

आज तू शुल्कमाफीच्या सहीसाठी आलास.
पत्राचा मसुदा टेबलावर होता,
लाल पेनाच्या खुणांसकट, माझ्याकडे तोंड करून.
नियमाप्रमाणे मी तो पालथा घालायला हवा होता.
मी म्हटलं, बस, आलेच,
आणि खिडकीशी जाऊन
बर्फ किती साचलंय ते बघत राहिले.
फारसं साचलं नव्हतं.