त्याच्यासारखा

मोरेश्वर पराते, मीटर रीडर, वीज मंडळ.
गोळीबार चौकापासून पाचपावलीपर्यंत
ज्या दारात उभे राहत
तिथे आधी पाणी यायचं, मग चहा,
मग शेजारणी.
मीटरकडे कोणी पाहत नसे.

मला बघायला आले तेव्हा माझी मावशी
पोह्यांची बशी हातात घेऊन तशीच थिजली.
"अवो माय, हा त तोच होय!"
तो नव्हता. पण कपाळ तेच, हनुवटीवरची खळी तीच,
आणि हसताना डावा डोळा आधी मिटायचा, तेही.
मी होकार नेमका कोणाला दिला
हे तेहतीस वर्षांत ठरवायचं राहूनच गेलं.

तिकडे त्याचं काही झालं की इकडे आम्हाला पोचायचं.
त्याचा संसार मोडला त्या आठवड्यात
नळावरच्या बाया माझ्याशी हळू आवाजात बोलत.
"बरं आहे नं वो घरी?"
त्यानं दुसरं लग्न केलं
तर सासूबाईंनी तीन दिवस मुलाशी अबोला धरला.
आता अलीकडे त्यानं मोबाइलवरच्या रमीची जाहिरात केली,
तेव्हा पानठेल्यावरच्या एका पोरानं
ह्यांची कॉलर धरली,
"काका, माझे चाळीस हजार गेले ना बे."
काका आणि बे, एकाच वाक्यात.
हे घरी आले, शर्ट खुंटीला लावला,
म्हणाले, मी तर कधी पत्तेही नाही पिसले.

मग चेहरे वेगळे व्हायला लागले.
त्याचे केस परत उगवले. ह्यांचे नाही.
साठीत त्याच्या पोटाला सहा वळ्या आल्या,
ह्यांना साखर निघाली,
मग दोन दाढा गेल्या, मग पुढचा एक दात.
एकदा मेट्रोत एक मुलगी ह्यांच्याकडे टक लावून होती.
ह्यांनी केसांवरून हात फिरवला.
तिनं उठून जागा दिली.

गेल्या मंगळवारी, सत्तेचाळीसच्या उन्हात,
भाचीनं काढून दिलेल्या तिकिटांवर
त्याचा नवा सिनेमा पाहायला गेलो.
पॉपकॉर्नच्या भावात आठवड्याची तूरडाळ.
पडद्यावर बंदुका, विमानतळ,
लेकीच्या वयाची हिरोईन,
आणि देश वाचवायला लागणारे अडीच तास.
मी मनातल्या मनात मेथी निवडत बसले.

मध्यंतरानंतर जुन्या आठवणीचा प्रसंग आला.
त्याला कॉम्प्युटरनं तरुण केलाय म्हणे,
एकेक सुरकुती पुसायला किती खर्च आला
ते भाचीनं आधीच सांगून ठेवलं होतं.
पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, सव्वीस वर्षांचा,
कोणाच्या तरी दारात उभा राहून
पाणी मागत होता.

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.
ह्यांचे त्या वयातले दोनच फोटो आहेत माझ्याकडे.
एकात मुंडावळ्यांनी निम्मा चेहरा झाकलेला,
दुसऱ्यात कॅमेऱ्यावर कोणाचंतरी बोट.
आणि इथे ते वीस फूट उंच चालत होते,
मान वळवत होते,
घोट घेताना गळ्याची घाटी हलत होती.
खोटं आहे, कळत होतं मला.
खोट्याचंही खोटं.
पण मांडवात मान वर करून
नवऱ्याकडे असं बघता येत नव्हतं तेव्हा.
मी चार मिनिटं
पापणी लववली नाही.

शेजारी पाहिलं तर ह्यांनी चष्मा काढून हातात धरलेला.
"दिसून नाही राहिलं का?"
"दिसून राहिलं," म्हणाले. "म्हणूनच."

बाहेर त्याचा पुठ्ठ्याचा पुतळा, आणि सेल्फीची रांग.
एक पोरगा ह्यांना म्हणाला,
"काका, जरा बाजूला व्हा नं, फोटोत येऊन राहिले."
हे बाजूला झाले. हसले.
डावा डोळा आधी,
मग दाताची ती फट.

स्कूटरची सीट तव्यासारखी तापली होती.
मी दुपट्ट्याची चौघडी करून टाकली
आणि मागे बसले.